एका सेनाधिकाऱ्याची शस्त्रे आणि कागद
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



इतिहासाचा शिक्षक म्हणून मी आज काही बोलावे अशी आज्ञा झाली. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या असे मुलांना वाटते. ते तर मी वर्गात रोजच शिकवितो. आज मी एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने जमविलेल्या जुन्या हत्यारांची आणि त्याच्या कागदपत्रांची हकीकत सांगणार आहे. हा अधिकारी दीडशे वर्षांपूर्वीचा, देश परका. त्याची गोष्ट या व्यासपीठावरून कशासाठी, असे कोणी विचारील. म्हणून आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगतो.

आमच्या खाडीकाठच्या घरात माळ्यावर एक लोखंडी पेटी होती. मी सहावीत असताना घराची दुरुस्ती निघाली आणि ती पेटी खाली उतरविण्यात आली. आत रुमालात बांधलेले कागद होते आणि चिंधीत गुंडाळलेली एक गंजकी तलवार होती. काही कागद मोडीत होते, काही फारसी-उर्दूसारख्या अक्षरांत. घरात ते कोणालाच वाचता येईनात. दादी म्हणाली, “ही अक्षरे पायाखाली येता कामा नयेत. अदबीने खाडीत थंडी करून या.” ते काम मला मिळाले. भरतीच्या वेळी मी ती पुरचुंडी माझ्या हाताने पाण्यात सोडली. तलवार त्याच आठवड्यात भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेली. त्या पैशांतून कौले आली असावीत.

आमचे पणजोबा ‘पलटणीत होते’ एवढेच आमच्या घरात सांगतात. कोणत्या पलटणीत, केव्हापासून, कोणकोणत्या मुलखात गेले, निवृत्तीचे वेतन मिळत होते की नाही, यातले काही कोणाला ठाऊक नाही. जे कागद हे सांगू शकले असते ते मी खाडीत सोडले. दादीचा त्यात दोष नव्हता. अक्षराचा मान राखावा एवढाच तिचा हेतू होता. वाचता न येणाऱ्या कागदाचा मान कसा राखावा, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही नाही. पुढे बी. एड. झाल्यावर एका ग्रंथालयात मी या इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत वाचली आणि त्या दिवशी पाण्यात काय गेले ते मला कळले.

या अधिकाऱ्याचे नाव ऑगस्टस हेन्री लेन फॉक्स. जन्म १८२७ चा, इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातला. १८४५ मध्ये तो ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीत अधिकारी झाला. पुढे १८८० मध्ये नात्यातील एका उमरावाची मोठी जमीनजुमल्याची वारसदारी त्याच्याकडे आली. मृत्युपत्राच्या अटीप्रमाणे त्याने आडनाव बदलले आणि तेव्हापासून तो पिट-रिव्हर्स म्हणून ओळखला जाऊ लागला. लष्करात तो लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला आणि १९०० साली वारला. त्याने मोठे मुलूख जिंकले नाहीत. १८५४ च्या क्रिमियाच्या युद्धात आल्माच्या लढाईत तो होता, पण तब्येतीमुळे लवकरच परतला. त्याचे नाव आज टिकून आहे ते त्याने जमविलेल्या वस्तूंमुळे आणि लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे.

हा छंद त्याला लागला कसा, ते ऐकण्यासारखे आहे. १८५० च्या सुमारास इंग्रज फौजेतील शिपायाच्या हाती ‘ब्राउन बेस’ जातीची जुनी बंदूक असे. तिची नळी आतून गुळगुळीत. शंभर यार्डांपलीकडे नेम लागेल याचा भरवसा नसे. त्या काळात फ्रान्समध्ये मिनिए नावाच्या अधिकाऱ्याने नवी गोळी काढली. ही गोळी बुडाशी पोकळ होती. बार उडाला की बूड फुगून ती नळीतल्या आट्यांत घट्ट बसे आणि फिरत फिरत कित्येक शे यार्डांवर नेमकी जाई. ही बंदूक घ्यावी की नाही हे ठरविण्यासाठी ज्या चाचण्या झाल्या, त्या कामावर या तरुण अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १८५३ मध्ये हाइथ या गावी बंदुकीचे शिक्षण देणारी सरकारी शाळा निघाली. तेथे शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले आणि १८५४ मध्ये निघालेल्या शिक्षणपुस्तिकेतही त्याचा मोठा वाटा होता.

विद्यार्थी मित्रहो, १८५३ ची एन्फील्ड रायफल ही याच सुधारणेतून निघालेली. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीची बातमी पसरली आणि १८५७ मध्ये आपल्याकडे ठिणगी पडली. म्हणजे हा माणूस ज्या बदलाच्या मुळाशी काम करीत होता, त्या बदलाची झळ हजारो मैलांवरच्या आपल्या बराकींपर्यंत पोहोचली. हिंदुस्थानात त्याने कधी नोकरी केली नाही, तरी त्याच्या कामाशी आपला संबंध असा पहिल्यापासूनचा आहे.

चाचण्यांसाठी त्याने जुन्या-नव्या बंदुका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली. नवी बंदूक एकाएकी कोणाच्या डोक्यातून निघत नाही. कोणी चापात थोडा फेरफार करतो, कोणी गोळीच्या आकारात, कोणी दस्त्यात. बरेच फेरफार फसतात आणि विसरले जातात. एखादा उपयोगी पडतो, तो टिकतो आणि पुढचा माणूस त्यावर आपली लहानशी भर घालतो. मधल्या पायऱ्या हरवल्या की मागाहून येणाऱ्याला वाटते, की हे एका बुद्धिमान माणसाचे एका रात्रीचे काम! त्या हरवलेल्या पायऱ्या जमवाव्यात म्हणून १८५१ च्या सुमारास त्याने हत्यारे गोळा करण्यास सुरुवात केली. आधी बंदुका, मग तलवारी, कट्यारी, ढाली, भाले, धनुष्ये, पुढे टोपल्या, मडकी, कुलुपे, वाद्ये. लंडनमधील त्याचे घर तळघरापासून माळ्यापर्यंत भरून गेले.

त्याची निवड कशी होती ते विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काळचे श्रीमंत लोक हत्यारे जमवीत ती रत्नजडित मुठींची आणि राजेरजवाड्यांच्या नावांची. याला हवी असत साध्या माणसाच्या हातातली, नेहमीच्या वापरातली हत्यारे. दुर्मिळ वस्तूपेक्षा नमुनेदार वस्तू महत्त्वाची, असे तो म्हणे. शंभर जणांच्या हातात असणारी वस्तू त्या शंभर जणांविषयी सांगते, हा त्यामागचा विचार.

१८६७, १८६८ आणि १८६९ अशी तीन वर्षे त्याने लष्करी अधिकाऱ्यांच्या संस्थेत आदिम युद्धकला या विषयावर व्याख्याने दिली. त्यांत आपल्याकडील हत्यारेही येतात. काळविटाची दोन शिंगे उलटसुलट जोडून केलेले ‘माडू’ नावाचे हत्यार आपल्या देशात होते. आधी नुसती शिंगे. मग टोकांना लोखंडाची टोपणे. मग मुठीवर हात वाचविण्यासाठी एक लहानशी ढाल. हे नमुने ओळीने मांडले की न सांगता समजते, की कोणा कारागिराने कोठे भर घातली. गुजरातेतील कोळी शिकारीला वापरीत त्या वाकड्या फेककाठीचाही त्याने उल्लेख केला आणि ती ऑस्ट्रेलियाच्या बूमरँगशेजारी ठेवून पाहिली. ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधील अशीच एक काठी होती. तिची हुबेहूब नक्कल करवून त्याने ती स्वतः फेकून पाहिली. पुस्तकात वाचून मान डोलावणे निराळे आणि वस्तू हातात घेऊन पाहणे निराळे. आमच्या शाळांतील प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरविणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.

आता त्याच्या चुका. त्या लपविणे शिक्षकाला शोभणार नाही. साध्या वस्तूपासून गुंतागुंतीच्या वस्तूपर्यंत त्याने ज्या ओळी लावल्या, त्याच ओळींत त्याने माणसेही बसविली. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांची काठी साधी, म्हणून ती माणसेही मानवजातीच्या पहिल्या पायरीवर थबकलेली, असा त्याचा आणि त्याच्या काळातील अनेक विद्वानांचा समज होता. हा समज खोटा आहे. त्या काठीमागे तिच्या वळणाचे, वजनाचे आणि वाऱ्याचे केवढे ज्ञान आहे ते फेकून पाहणाऱ्यालाच कळते. शिवाय निसर्गात बदल सावकाश होतो, तेव्हा गोरगरिबांनीही समाजात एकदम बदल मागू नये, असा राजकीय धडाही तो आपल्या संग्रहातून देऊ पाहत असे. मोठ्या जमीनदाराला हा धडा सोयीचाच होता! आणि एक गोष्ट. १८९७ मध्ये इंग्रज फौजेने पश्चिम आफ्रिकेतील बेनिनचे राज्य लुटले. तेथील पितळी मूर्ती आणि हस्तिदंती काम इंग्लंडच्या बाजारात आले, तेव्हा त्याने ते मोठ्या प्रमाणात विकत घेतले. त्यावरचे त्याचे पुस्तक १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. मूळ धनी त्या वस्तू आज परत मागत आहेत. जमविणाऱ्याचे कौतुक करताना वस्तू कोणाच्या घरातून आली हा प्रश्न विसरता येत नाही.

पण हा प्रश्न आपण विचारू शकतो, तो तरी कशाच्या आधारावर? नोंदीच्या. येथे माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा येतो.

या माणसाचे संग्रह दोन. पहिला १८८० च्या आधीचा. तो १८७४ पासून लंडनच्या बेथनल ग्रीन संग्रहालयात लोकांना पाहण्यास ठेवला होता, तेथून तो साऊथ केन्सिंग्टनला गेला. १८८४ मध्ये हा सुमारे २६ हजार वस्तूंचा संग्रह त्याने ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला. त्याच्या दानाला अटी होत्या. संग्रहासाठी स्वतंत्र इमारत बांधावी, मांडणी त्याच्या पद्धतीची असावी आणि हा विषय शिकविणारा अध्यापक नेमावा. त्याप्रमाणे एडवर्ड टायलर यांची नेमणूक झाली. मानवशास्त्र हा विषय त्या विद्यापीठात रीतसर शिकविला जाऊ लागला तो येथून. आज त्या पिट-रिव्हर्स संग्रहालयात वस्तू, छायाचित्रे आणि हस्तलिखिते मिळून ५ लाखांहून अधिक जिनसा आहेत. अजूनही तेथे वस्तू देशांप्रमाणे न मांडता प्रकारांप्रमाणे मांडल्या आहेत. सगळ्या देशांच्या ढाली एके ठिकाणी, सगळी वाद्ये एके ठिकाणी. २०२० मध्ये तेथील अधिकाऱ्यांनी मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. म्हणजे ते घरही आपल्या जुन्या चुका तपासत आहे.

दुसरा संग्रह वारसदारी मिळाल्यानंतरचा. तो त्याने आपल्या जहागिरीत, डॉर्सेट परगण्यातील फार्नहॅम या खेड्यात खासगी संग्रहालय काढून ठेवला. आसपासचे शेतकरी आणि मजूर रविवारी सहलीला येत आणि तो पाहत. त्याच्या मृत्यूनंतर तो कुटुंबाकडे राहिला. १९६० च्या दशकात संग्रहालय बंद पडले आणि वस्तू विकल्या गेल्या. हत्यारे, मूर्ती, मडकी जगभरच्या संग्रहालयांत आणि खासगी कपाटांत पांगली.

आता या दोन्ही संग्रहांची तुलना करा. पहिला संग्रह एका छपराखाली सुरक्षित आहे. पण तो जमविताना तरुण अधिकाऱ्याने नीट नोंदी ठेवल्या नव्हत्या. कोणती कट्यार कोणाकडून आली, किती पैसे पडले, आधी कोणाच्या कमरेला होती, हे पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत आज सांगता येत नाही. वस्तू आहे, पण ती मुकी आहे. दुसरा संग्रह पांगला. पण तोपर्यंत या माणसाला शहाणपण आले होते. त्याने कारकून नेमून प्रत्येक वस्तूची नोंद केली. काय आहे, कोणाकडून घेतली, कोणत्या तारखेला, किंमत काय, कोठे ठेवली. आणि शेजारी त्या वस्तूचे रंगीत चित्र. असे नऊ मोठे ग्रंथ झाले. ते आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. जगाच्या पाठीवर कोठे एखादी मूर्ती लिलावात आली, की अभ्यासक त्या पानांवरचे चित्र काढतात आणि म्हणतात, ही ती, अमुक दिवशी अमुक दुकानातून घेतलेली! वस्तू हरवली, पण तिचा पत्ता हरवला नाही.

फार्नहॅमच्या संग्रहातील त्या भागात झालेल्या उत्खननांच्या वस्तू आणि त्याचे कागदपत्र १९७५ मध्ये सॉल्सबरीच्या संग्रहालयात गेले. वारसाकराच्या रकमेऐवजी सरकारने ते स्वीकारले होते. त्या कागदांत काय आहे? त्याला आलेली पत्रे, दुकानदारांची बिले, उत्खननाचे नकाशे, मदतनिसांची टिपणे. त्या वेळी ज्यांना कोणी मोल दिले नसते असे हे कागद. आज संशोधक दुरून येऊन ते वाचतात, कारण त्याच्या कामाच्या मागची माणसे त्यांतच सापडतात.

जमिनीखालच्या गोष्टींतही त्याची हीच रीत होती. आपल्या जहागिरीत क्रॅनबोर्न चेस भागात त्याने १८८० नंतर जुनी गावे आणि थडगी खणली. पूर्वीचे जमीनदार सोन्याचांदीसाठी खणत आणि खापरे फेकून देत. याने प्रत्येक खापर, प्रत्येक हाड कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाले ते लिहिले आणि मोजमापासह चार ग्रंथांत १८८७ ते १८९८ या काळात स्वखर्चाने छापले. आज मला ज्याचा उपयोग कळत नाही त्याचा उद्याच्या माणसाला कळेल, हा त्यामागचा हिशेब. खणून झालेला खड्डा बुजविताना तळाशी तो आपल्या नावाचे आणि सालाचे एक लहान पदक ठेवी. पुढे कोणी खणले तर त्याला कळावे, की ही जागा पूर्वी उघडलेली आहे. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा इंग्लंडात १८८२ मध्ये झाला. त्याखाली पहिला निरीक्षकही हाच.

ही रीत आपल्याकडे कशी आली तेही सांगतो. मॉर्टिमर व्हीलर हे स्वतःला पिट-रिव्हर्सच्या पद्धतीचे वारस मानीत. १९४४ ते १९४८ ही चार वर्षे ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. १९४४ मध्ये त्यांनी तक्षशिलेला तरुणांसाठी उत्खननाची शाळा भरविली आणि थर वाचण्यास व नोंद करण्यास शिकविले. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया विद्यार्थी असताना इंग्लंडात मेडन कॅसल येथे व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननावर होते. त्याच सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतर नगर जिल्ह्यात जोर्वे आणि नेवासे खणले. महाराष्ट्रात सनावळ्यांच्या फार आधी शेती करणारी, रंगविलेली मडकी घडविणारी माणसे राहत होती, हे आपल्याला कळले ते अशा खापरांमुळे. एका बंदूक तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सवय अशी आपल्या गोदावरी-प्रवरेच्या काठापर्यंत पोहोचली.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू या. पिट-रिव्हर्सची जहागीर आपल्याकडे नाही, कारकून ठेवण्याची ऐपत नाही. पण पेट्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई इलाख्याच्या फौजेत पुष्कळ माणसे भरती होत. कोकणातील पुष्कळ जण बोटीवर गेले, आफ्रिकेत गेले, आखातात गेले. त्यांचे पेन्शनचे कागद, बोटीवरच्या नोकरीची पुस्तके, पत्रे, खरेदीखते, निकाहनामे, एखादी तलवार, एखादे पदक, हे सगळे माळ्यांवर आहे. घरे पडत आहेत, नवी उठत आहेत आणि पेट्या खाली उतरत आहेत. म्हणून चार गोष्टी विनंतीपूर्वक सांगतो.

पहिली गोष्ट, वाचता येत नाही म्हणून कागद नष्ट करू नका. मोडी आणि फारसी वाचणारी माणसे आजही आहेत. विद्यापीठांत, पुराभिलेखागारात, इतिहासाच्या मंडळांत विचारा. पवित्र मजकूर असेल तर तो अदबीने वेगळा काढता येईल. पण तो पवित्र मजकूर आहे की शेताचा दाखला, हे कळण्यासाठी आधी कोणीतरी वाचले पाहिजे.

दुसरी गोष्ट, सांभाळताना इजा करू नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करू नका, टाचण्या काढून टाका. त्या गंजून कागद खातात. कोरड्या सुती कापडात, ओल नसलेल्या कपाटात ठेवा. तलवार चिंचेने किंवा विटकरीने घासून चकचकीत करू नका, धार तर मुळीच लावू नका. पात्यावर कारागिराची खूण किंवा अक्षरे असली तर ती घासण्यात जातात आणि तेच तिचे तोंड असते.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि ऐतिहासिक मोलाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. परवान्यावाचून ती देशाबाहेर पाठविणे गुन्हा आहे आणि काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. जुने हत्यार घरात असेल तर ते लपवून ठेवू नका. १९५९ चा शस्त्र कायदा आहे. पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर विचारा. ठेवणे जमत नसेल तर संग्रहालयाला द्या आणि पावती घ्या. भंगारवाला पावती देत नाही!

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. ती मी विद्यार्थ्यांवर सोपवितो. एक शंभर पानी वही घ्या. घरातली प्रत्येक जुनी वस्तू आणि कागद यांना एकेक ओळ द्या. वस्तू काय, कोणाची, कोणाकडून आली, केव्हा, कोणी सांगितले. मोबाईलवर फोटो काढा आणि त्याचा क्रमांक वहीत लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहा. ‘असे आजी म्हणते’ असे लिहिण्यास लाजू नका. खरे-खोटे पुढचा अभ्यासक ठरवील. पण विचारण्याचे काम आजच केले पाहिजे. कागद दहा वर्षे थांबतो, माणूस थांबत नाही.

माझी दादी आज हयात नाही. गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या घरासाठी अशी वही सुरू केली. पहिल्या पानावर काय लिहावे हा प्रश्न होता, कारण पहिली वस्तू घरात नाही. तरी मी लिहिले. “क्रमांक १. कागदांची पुरचुंडी, रुमालात बांधलेली, मोडी व फारसीसारखी अक्षरे. पणजोबांची. मी सहावीत असताना खाडीत सोडली. क्रमांक २. तलवार, गंजलेली, मूठ पितळेची असल्याचे आठवते. भंगारात विकली.” आमच्या चाचांना ते दाखविले. त्यांनी थोडा वेळ वही हातात धरली आणि म्हणाले, “मूठ पितळेची नव्हती, लोखंडाचीच होती. आणि म्यानावर एक आकडा होता.” आकडा त्यांना आठवला नाही. पण एक आकडा होता, एवढे तिसऱ्या ओळीत लिहिले गेले. पलटणीचा असेल किंवा शिपायाचा. कोणास ठाऊक, एखाद्या दिवशी कोणाच्या पेटीतून त्या पलटणीची यादी निघेल आणि ती ओळ उपयोगी पडेल.

ती पेटी तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेल, तर ती उतरविताना माझी आठवण ठेवा.